मोठीचा पदर

६ फेब्रुवारी १९४६, बुधवार. दहिवली

आज जिजाआईची सवाष्ण जेवली. जिजाआई म्हणजे यांची आजी, माझी आजेसासू. माझ्या सासऱ्यांना जन्म देऊन ती गेली, कुंकवासकट गेली, म्हणून देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक आहे. दरवर्षी माघातल्या पंचमीला मागच्या विहिरीपाशी पाट मांडून तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. सवाष्ण लेकुरवाळी लागते. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तो पाट माझ्या वाट्याला आलेला नाही. माझ्या वाट्याला चूल.

पुरण असतंच, पण त्या ताटात एक पदार्थ असतो तो मला दरवर्षी कोड्यात टाकतो. वालाच्या मुटक्या. तांदळाच्या उकडीत कडवे वाल आणि गूळ भरायचा, मुठीत दाबून बोटांचे वळ उठवायचे आणि केळीच्या पानात वाफवायच्या. त्या सवाष्ण खात नाही. जेवण झालं की विहिरीत सोडायच्या. दहिवलीत दुसऱ्या कोणाच्या घरी त्या होत नाहीत. सासूबाईंना कारण विचारलं तर म्हणाल्या, करायच्या म्हणून करायच्या. या बाईला कारण विचारणं म्हणजे म्हशीला वाट विचारणं आहे.

भांडी घासून झाल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली. "गोदे, आखितीपातूर वाट बघीन. पुढं मला बोल लावू नकोस."

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. तोवर माझी कूस उजवण्याचं काही चिन्ह दिसलं नाही तर दुसरी आणणार. हे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी ऐकलं. अडकित्त्याचा आवाज काही थांबला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंनी ठाकरवाडीतून पदू भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदूळ टाकले, बराच वेळ बघितले, मग टाकाकडे बोट करून म्हणाला, "ही उपाशी हाय. माहेरचं लुगडं नाय आलं हिला. माहेरचं मानूस लुगडं घिऊन या दारात येत नाय, तवर पाळना हलायचा नाय."

आता आली का पंचाईत. जिजाआईचं माहेर कुठलं हे घरात कोणालाच ठाऊक नाही. सासरे आता हयात नाहीत. आई पाचव्या दिवशी गेल्यावर त्यांना त्यांच्या आजीनं वाढवलं, आणि ती आजी म्हणे त्या माहेराचं नावसुद्धा काढू देत नसे. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, चार यत्ता शिकलीयस ना, शोध मग. त्यांना वाटलं, ही काय शोधते. शाळेवरून मला टोमणा मारायची एकही संधी त्या सोडत नाहीत. माझे अण्णा कर्जत स्टेशनात पॉइंट्समन होते, त्यांनी मला शाळेत घातलं आणि उल्हास नदीच्या डोहात पोहायलाही शिकवलं, हे दोन्ही गुन्हे इथे अजून माफ झालेले नाहीत.

मी शोधणार. या घरात दुसरी बाई येऊ द्यायची नाही, मग त्यासाठी मेलेल्या बाईचं माहेर खणून काढावं लागलं तरी चालेल.

२५ फेब्रुवारी, सोमवार

मुंबईत गोळीबार झाला, गाड्या बंद पडल्या, स्टेशनावर माणसं अडकली. गावात तोच विषय. मी मात्र म्हाताऱ्या बायकांच्या अंगणांतून फिरते आहे. कोणी म्हणते पनवेलकडची होती, कोणी म्हणते घाटावरची. एकीनं तर तिला गोरी म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काळी म्हणून सांगितलं. साठसत्तर वर्षांत बाईचं एवढंच उरतं, एक चांदीचा पत्रा. त्यावर नाकडोळेही धड नाहीत.

आज वाल निवडताना एकदम डोक्यात आलं. मुटक्या. त्या जर दहिवलीत कोणी करत नाही, तर त्या आल्या कुठून? ती जिथून आली तिथूनच आल्या असणार.

१० मार्च, रविवार

आज मी जिंकले. घाईत लिहिते, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

हे बैल बघायला चौक गावी निघाले होते. मी पहाटे उठून मुटक्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि गाडीत जाऊन बसले. सासूबाईंनी अडवलं नाही, याचं नवल वाटलं. चौकच्या बाजारात मी लाजलज्जा गुंडाळून बाईमागून बाईला मुटकी दाखवत फिरले. लोक हसले. शेवटी मिरच्या विकणाऱ्या एका बाईनं ती हातात घेतली, वळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, या आमच्या लोधिवलीत एका आळीत करतात, पण एरवी नाही करायच्या. लेक बाळंत झाली की पाचवीला माहेराहून पाठवतात.

लोधिवली तिथून जवळच. भिवाजी म्हणून एक गृहस्थ, चांगलं शेतीवाडीचं घर. त्यांची माहेरी राहिलेली आत्या ठमाबाई अंगणात उन्हाला बसली होती. ऐंशीच्या घरातली, पण जीभ आणि डोळे शाबूत. मी दहिवलीचं नाव घेतलं आणि तिनं तोंड फिरवलं. मग मुटकी पुढे केली. तिनं ती खाल्ली नाही, पदरात बांधली.

जिजाआई हिची सख्खी आत्या. म्हातारी सांगत गेली ते आठवेल तसं लिहिते. आमच्या आजेसासऱ्यांची पहिली बायको होती, तिला मूल होईना. म्हणून जिजाला दुसरी करून आणली. तिला मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी इकडून माणसं मुटक्या घेऊन निघाली.

"पाटी माज्या डोक्यावर. आठ वर्साची असन मी तवा. दारात गेलो तं रडारड. बाळंतिनीच्या हातात सासूनं हंडा दिलेला म्हनं, आन् ती इहिरीत. मोठी ओसरीवर बसलेली, पोर मांडीत. गळ्यापातूर भिजलेली, पदरातनं पानी गळत व्हतं. कुनाशी बोलंना. माज्या बापानं पाटी थितंच ठिवली. म्हनला, ह्या आता तुमच्या इहिरीला घाला."

मोठी म्हणजे पहिली बायको. तिनंच ढकललं असं लोधिवलीत सगळे म्हणतात. मग तिला घरातून काढली, शेतावरच्या खोपीत राहायची म्हणे. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं जाणंयेणं तुटलं.

काय कलेजा असेल त्या बाईचा, सवतीचं पाच दिवसांचं पोर मांडीवर घेऊन ओल्या लुगड्यानं बसली! ढकलताना झटापट झाली असणार, त्याशिवाय का भिजली?

भिवाजींना मी हात जोडले. झालं गेलं विसरा, आखितीला लुगडं घेऊन या. ते लगेच हो म्हणाले नाहीत. हे बाहेर त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते, त्यानंतर हो म्हणाले. यांनी माझ्यासाठी शब्द टाकला! भिवाजींची थोरली मुलगी सुंदरा, सोळा-सतरा वर्षांची, चुणचुणीत. तिनं पाणी दिलं. हे एरवी कोणाच्या घरी पाण्याला शिवत नाहीत, आज दोनदा मागून प्यायले. ऊनही होतंच म्हणा.

११ मार्च, सोमवार

घरी सगळं सांगितलं. मी सांगायला लागले की अण्णांसारखी रंगून सांगते. हंडा, विहीर, मांडीतलं पोर. ओला पदर तर दोनदा सांगितला. सासूबाई कधी नव्हे ते माझ्याकडे टक लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वांझ बाईच्या पोटात काय आसंल, देव जाने." मी मान डोलावली.

मग भिवाजींच्या घरची चौकशी सुरू झाली. किती भाऊ, किती बहिणी, मुली कोणाच्या वळणावर गेल्या आहेत. माहेरच्या माणसांची एवढी आस्था बघून बरं वाटलं.

७ एप्रिल, रविवार

हे स्टेशनावरून वर्तमानपत्र घेऊन आले. त्यात आलंय की एक बायको असताना दुसरी करायला मुंबई सरकार कायद्यानं बंदी घालणार. मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. कधीपासून, असं तीनतीनदा विचारलं. मी म्हटलं, तारीख नाही दिलेली, पण या वर्षात होईल असं दिसतंय.

त्या घाबरल्यात. बघितलं मी. रात्रीचं जेवण आज मला गोड लागलं. एका बाजूनं सरकार, दुसऱ्या बाजूनं जिजाआई, आता मला कोण हलवतंय.

४ मे, शनिवार, अक्षय तृतीया

आली, माहेरची माणसं आली. भिवाजी, त्यांची बायको, दोन पोरी. कापडाला कूपन लागतं अशा दिवसांत दोन लुगडी आणली. हिरवं जिजाआईच्या टाकापुढे ठेवलं. दुसरं पिवळं होतं. ते कोणाला म्हणून विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, देवीला.

मी नुसती नाचत होते. सुंदराची वेणी घातली, तिला माझ्या शेजारी बसवून पोळीवर स्वतःच्या हातानं तूप वाढलं. मला धाकटी बहीण नाही, असती तर अशी असावी. पोर मात्र घास उचलेना, आईकडे बघत राहिली. आईनं तिच्या ताटातली पोळी मोडून खाल्ली, मग ती जेवली. लाजते फार.

पाळणा हलेल आता. भगतानं सांगितलं ते सगळं झालं.

१३ मे, सोमवार

काल यांचं लग्न झालं.

सुंदराशी. आठवडाभर मला सगळे सांगत होते की भिवाजींच्या घरी कार्य आहे. कार्य होतंच. पिवळं लुगडं तिच्याच अंगावर होतं. भगतानं सांगितलेलं माहेरचं माणूस दारात आलं, आता घरातही आलं, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. कायदा यायच्या आत उरकलं, तेही माझ्याच वाचण्यावरून.

वऱ्हाडाला मी वाढलं. वाढताना हात कापला नाही याचा मला अजून राग आहे. या मुलीला मी पायपीट करून, गावोगाव मुटक्या दाखवत, स्वतः शोधून काढली. सवत शोधायला बाई बाजारात गेली असं कोणी ऐकलंय का? यांनी रात्री एवढंच म्हटलं, तुला काही कमी पडणार नाही. त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, भांडी घासली.

२ ऑगस्ट, शुक्रवार

ती मला ताई म्हणते. घरात बाकी सगळे मला मोठी म्हणायला लागले आहेत. मोठे, शेण काढ. मोठे, चूल पेटव. हेसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणाला हाक मारतात म्हणून मी मागे वळून बघितलं.

सुंदराला दिवस गेले. सासूबाई साखर वाटत हिंडल्या. पाचच दिवसांपूर्वी यांनी तिला माझ्या हातून ताट घेताना बघितलं आणि ओरडले. नंतर कळलं, माझ्या हातचं तिनं खायचं नाही असं लोधिवलीहून बजावून धाडलंय. विहिरीवर माझ्याबरोबर जायचं नाही. म्हणजे आखितीच्या दिवशी ती लाजत नव्हती. तिची आई माझी पोळी आधी चाखून बघत होती.

२७ जानेवारी १९४७, सोमवार

जिजाआईची पंचमी. यंदा पाटावर सुंदरा बसली, पोटुशी सवाष्ण म्हणून. स्वयंपाक शेजारणीनं केला, मला सोवळ्याबाहेर ठेवलं. मुटक्या कोणाला येईनात, तेव्हा मला गोठ्यात बसवून माझ्याकडून वळून घेतल्या. विहिरीत टाकायच्या असल्यामुळे माझा हात चालतो.

खरं लिहिते, कारण इथे खोटं लिहून काय करू. परवा सुंदरा विहिरीच्या पायरीवर वाकून तोंड धूत होती आणि मी वर उभी होते. मला ती पहिली बाई कळली. हात पुढे करायचा, बस. त्याला फार ताकद लागत नाही. मी हात पदरात गुंडाळून ठेवले आणि घरात आले. सुंदरा वळून बघत होती. तिनं माझं तोंड बघितलं असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कशी लिहू. पण आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी सासूबाईंनी सुंदराला विहिरीवर धाडलं. बाळंतपण सोपं जावं म्हणून नवव्या महिन्यात रोज एक कळशी आणायचीच, असा त्यांचा हट्ट. मी शेण थापत होते. शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, हे मी कालच सांगितलं होतं, त्यावर मला जीभ आवरायला सांगण्यात आलं. तिचा पाय सरकला तेव्हा मी धावले. हात लावला तिला, होय, लावला. धरायला लावला. पाठीवरची चोळी बोटांत आली आणि सुटली.

मी उडी मारली. अण्णांच्या कृपेनं मला पाणी नवं नाही. तिला केसांनी धरून पायरीवर आणली, पालथी घातली, तोंडातलं पाणी काढलं. ती रडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिची पापी घेतली.

तोवर माणसं जमली. सुंदरा मिठीतून सुटून सासूबाईंच्या गळ्यात पडली. दात वाजत होते, पण बोलली. "आत्याबाय, पाठीला हात लागला. मंग पडले."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गळ्यापर्यंत भिजलेली, पदरातून पाणी गळत होतं.

हे मी लिहिलंय कुठेतरी. मागची पानं उलटली. १० मार्च. त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं लिहिलं की बाळंतिणीच्या हातात सासूनं हंडा दिला, आणि तसंच पुढे गेले. पाच दिवसांच्या बाळंतिणीला पाण्याला कोण धाडतं? आणि ढकलणारी बाई कोरडी राहते. भिजते ती, जी आत उतरते. एवढं साधं गणित, चार यत्ता शिकून मला आलं नाही. त्या बाईनं उडी मारली होती. तिच्या हाताला जिजा लागली नाही, एवढाच फरक.

मी हे ओरडून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तूच सांगितलंस की आमाला. मोठीचा पदर भिजला व्हता म्हनून."

२ मार्च, रविवार. शेतावर

मला खोपीत ठेवलंय. भाऊ येऊन गेला. त्याची बायको नको म्हणते, आणि तोही माझ्या डोळ्यांना डोळा देईना. हे दोन दिवसांनी शिधा आणून बांधावर ठेवतात. काल विचारलं, तुम्हाला काय वाटतं, मी ढकललं? ते बैलांकडे बघून म्हणाले, "मला काय वाटतंय त्याला कोन इचारतंय." दहा वर्षं मी या माणसासाठी उपास केले.

खोपीत चूल आहे, जुनी, तीन दगडांची. तिचे दगड आतून काळेकुळकुळीत झालेले आहेत. ते कोणी काळे केले असतील ते मला आता कळतं. तिचं नाव काय होतं? ठमाबाईला मी विचारलंच नाही, त्या वेळी मला ती फक्त खुनी बाई वाटली. आता विचारायची सोय नाही, ठमाबाई दिवाळीत गेली. जिजाचं माहेर सापडलं, टाक होताच, लुगडं मिळालं. आणि या मोठीला काय मिळालं? तिचं माहेर शोधावं असं कोणाला वाटलं नाही, मलाही नाही.

२२ मार्च, शनिवार

सुंदराला मुलगा झाला. ढोल इथपर्यंत ऐकू आला. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. आणि ती वाचली, पोर वाचलं, तेही माझ्यामुळे, याचा आनंदही झाला. दोन्ही खरं.

आज पाचवी. लोधिवलीची वाट आमच्या शेताच्या बांधावरूनच येते. उन्हं चढल्यावर भिवाजी आले, आणि त्यांच्यामागे त्यांची धाकटी, सुंदराची बहीण, डोक्यावर पाटी घेऊन. सात-आठ वर्षांची. पाटीवर केळीची पानं झाकली होती. मला वासावरून कळलं.

पोर दमली होती. भिवाजी पुढे गेले आणि ती खोपीपाशी थांबली. मला म्हणाली, पाणी द्या. मी लोटी भरून पुढे केली. तिनं हात पुढे केला तेवढ्यात भिवाजी वळले.

"तिच्या हातचं नको पिऊस गं. मोठी हाय ती."

पोरीनं हात मागे घेतला. माझ्याकडे बघत राहिली, पायापासून डोक्यापर्यंत, माझं लुगडं न्याहाळून बघितलं. ते कोरडं होतं. पण घरी तिला ओलं म्हणूनच सांगितलंय, आणि म्हातारी झाल्यावर, कोणी दारात येऊन विचारलं तर ती ओलंच सांगेल. म्हणेल, मी होते, पाटी माझ्या डोक्यावर होती, मी डोळ्यांनी बघितलं.

ती निघाली. मी बांधावर चढले आणि मागून ओरडून तिला सांगितलं, माझं नाव गोदा. दोनदा सांगितलं. भिवाजींनी तिच्या कानावर हात ठेवला आणि तिला पुढे घेऊन गेले.